चाळीस वेळा दुप्पट

एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. असे दहा वेळा केले की १,०२४ होतात. वीस वेळा केले की आकडा दहा लाखांच्या पुढे जातो, तीस वेळा केले की १०७ कोटी आणि चाळीस वेळा केले की १ लाख १० हजार कोटी. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याचा मूळ हिशेब हाच आहे. अस्थिमज्जेतली एक पेशी बिघडते आणि थांबायचे विसरते. वाटेत पुष्कळ पेशी मरतात, म्हणून प्रत्यक्षात दुप्पट होण्याच्या फेऱ्या चाळीसपेक्षा जास्त होत असणार. पण निदान होते त्या दिवशी मुलाच्या शरीरात साधारण एक लाख कोटी बिघडलेल्या पेशी असतात आणि त्यांचे वजन किलोभर भरते. सेकंदाला एक या वेगाने त्या मोजायला बसले तर ३१ हजार ७०० वर्षे लागतील.

या बहुतेक मुलांमध्ये बिघडलेली पेशी बी-लिम्फोसाइटच्या वंशातली असते. प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, तयार करण्याचे काम याच वंशाचे. प्रत्येक कोवळी बी-पेशी आपल्या जनुकांचे तुकडे कापून, जोडून स्वतःच्या प्रतिपिंडाचा नमुना ठरवते. तुकड्यांच्या निवडीतून आणि सांध्यांवरच्या फेरफारांतून निदान दहा हजार कोटी वेगवेगळे नमुने होऊ शकतात. जगात अजून न आलेल्या जंतूसाठीही त्यात एखादा बसणारा नमुना सापडतो. ल्युकेमियात या अफाट विविधतेच्या जागी एकच अर्धवट जोडलेला नमुना उरतो आणि त्याच्याच लाख कोटी प्रती निघतात. त्यांच्यापैकी एकही प्रत कामाचे प्रतिपिंड तयार करत नाही. उपचारानंतर किती कर्करोग उरला हे शोधण्याच्या एका पद्धतीत हाच अर्धवट जोड ओळखखूण म्हणून वापरतात. एका आजारात दहा हजार कोटी नमुने आणि एकाच नमुन्याच्या लाख कोटी प्रती अशा समोरासमोर येतात, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

चंडीगडच्या सेक्टर १२ मधल्या पीजीआयमध्ये, म्हणजे पोस्टग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल एज्युकेशन अँड रिसर्चमध्ये, पंजाब, हरियाणा, हिमाचल, जम्मू-काश्मीरमधून अशी मुले येतात. संस्था १९६२ सालची. १९६७ पासून तिला संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा आहे. मुलांच्या ल्युकेमियाचे उपचार देशभर एकाच पद्धतीने व्हावेत म्हणून काही केंद्रांनी मिळून गट केला, त्यात परळच्या टाटा मेमोरियलबरोबर पीजीआयही आहे. पण चंडीगडचे नाव या लेखात येण्याचे खरे कारण म्हणजे उपचाराच्या काळात या मुलांना गाठणारी बुरशी. रोगकारक बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह पीजीआयच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात आहे, आणि डॉ. अरुणालोक चक्रवर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे अनेक वर्षे जे मोजून ठेवले त्यावर भारतातल्या बुरशीजन्य आजारांची आपली समज बरीचशी उभी आहे.

बुरशीच्या जगाचे आकडे आधी थोडक्यात सांगतो. पृथ्वीवर बुरश्यांच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात असा अंदाज आहे. नाव मिळालेल्या जाती दीड लाखाच्या आसपास, आणि माणसाला त्रास देणाऱ्या केवळ काही शेकडे. आपल्याला वाचवते ती मुख्यतः शरीराची ऊब. ३० अंश सेल्सियसच्या पुढे तापमान एकेक अंशाने वाढत गेले की दर अंशाला सुमारे सहा टक्के जाती बाद होत जातात. ३७ अंशांवर तग धरून राहतात त्या थोड्या. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरश्यांची १९ नावांची यादी काढली, तिच्या सर्वांत वरच्या गटात चारच आहेत. कँडिडा अल्बिकन्स आणि ॲस्परजिलस फ्युमिगेटस त्यांच्यापैकी दोन. पहिली आपल्या आतड्यात आणि तोंडात निमूटपणे राहते. दुसरी हवेत असते.

हवेतली रोज किती आत जाते? ॲस्परजिलसचा बीजकण दोन-तीन मायक्रॉनचा, फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशापर्यंत सहज पोचणारा. आपण प्रत्येक जण असे शेकडो कण रोज ओढतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. ल्युकेमियाच्या उपचाराचा पहिला टप्पा चार ते पाच आठवड्यांचा असतो. रोजचे तीनशे कण धरले तर तेवढ्या काळात मुलाच्या फुप्फुसात दहा हजारांच्या आसपास बीजकण उतरतात. हे कण गिळून टाकण्याचे काम तिथल्या भक्षक पेशींचे, आणि जे कण अंकुरतात त्यांना मारण्याचे काम मुख्यतः न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचे. प्रौढ माणसाची अस्थिमज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल बनवते, कारण ही पेशी रक्तात एक दिवससुद्धा धड टिकत नाही.

केमोथेरपीच्या वॉर्डातल्या आई-बापांच्या तोंडी रोज एकच प्रश्न असतो: आज काउंट किती आला? रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे एका थेंबाच्या साधारण पन्नासाव्या भागात, किती न्यूट्रोफिल आहेत तो हा काउंट. निरोगी मुलात तो काही हजार असतो. ५०० च्या खाली गेला की डॉक्टर सावध होतात, १०० च्या खाली गेला की फार सावध. वीस किलो वजनाच्या, सहा-सात वर्षांच्या मुलाच्या अंगात सुमारे दीड लिटर रक्त असते. काउंट ४,००० असेल तर साऱ्या रक्तात मिळून ६०० कोटी न्यूट्रोफिल होतात. तो १०० वर आला तर उरतात १५ कोटी.

पंधरा कोटी म्हणजे थोडे झाले का, असे वाटेल. मलाही ही संख्या प्रथम भरपूर वाटली होती, पण ती कुठे कुठे पुरवायची ते पाहिले की अर्थ बदलतो. त्या वयाच्या मुलाच्या फुप्फुसात सुमारे ३० कोटी वायुकोश असतात. रक्तातला शेवटचा न्यूट्रोफिलसुद्धा फुप्फुसात नेऊन उभा केला तरी दोन वायुकोशांमागे एक पेशी येते. आतडी, तोंड, त्वचा, रक्तवाहिनीत बसवलेली नळी यांच्यासाठी मग कुणीच उरत नाही. शिवाय पहिल्या टप्प्यात स्टेरॉइड आठवडेच्या आठवडे मोठ्या मात्रेत द्यावे लागते, आणि त्याने उरलेल्या पेशींची मारण्याची ताकदही कमी होते. अशी अवस्था दहा दिवसांहून लांबली की बुरशीचा धोका झपाट्याने वाढतो.

आणि ही अवस्था एकदाच येऊन जात नाही. पहिल्या टप्प्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली मज्जा साफ दिसली तरी पाच टक्क्यांपर्यंत कोवळ्या पेशी खपून जातात. लाख कोटीचे पाच टक्के म्हणजे पाच हजार कोटी. म्हणून आता दहा हजारांत एक इतकी बारीक तपासणी करतात. पण दहा हजारांत एक उरली तरी त्या दहा कोटी होतात, आणि त्या पुन्हा दुप्पट व्हायला तयारच असतात. उपचार दोन ते अडीच वर्षे का चालतात, याचे उत्तर या भागाकारात आहे.

आता प्रतिपिंडांकडे येऊ. त्याच वीस किलोच्या मुलाच्या रक्तद्रवात निरोगी अवस्थेत आयजीजी जातीची प्रतिपिंडे सुमारे सात ग्रॅम असतात. सात ग्रॅम ऐकायला काहीच नाही, पण रेणूंमध्ये मोजले तर तीनवर १९ शून्ये. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त संख्यांची नावे एकापासून परार्धापर्यंत दिली, परार्ध म्हणजे एकावर १७ शून्ये. एका लहान मुलाच्या अंगात तीनशे परार्ध प्रतिपिंडे फिरत असतात. ती बनवणारी एक प्लाझ्मा पेशी, म्हणजे पूर्ण तयार झालेली बी-पेशी, सेकंदाला सुमारे दोन हजार रेणू बाहेर टाकते.

त्या रेणूंचे अर्धायुष्य तीन आठवड्यांचे. नवी निर्मिती पूर्ण थांबली तर सात ग्रॅमचे तीन आठवड्यांत साडेतीन, सहा आठवड्यांत पावणेदोन होतील. केमोथेरपीत निर्मिती पूर्ण थांबत नाही, कारण मज्जेत खोल बसलेल्या जुन्या प्लाझ्मा पेशी चिवट असतात. पण नव्या बी-पेशी जवळजवळ येईनाशा होतात. याचा परिणाम असा की जुन्या ओळखीच्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे हळूहळू ओसरतात आणि नव्या जंतूविरुद्धची तयार होणे फार अवघड होते.

बुरशीच्या संसर्गाचे निदान रक्तातल्या प्रतिपिंडांवरून करावे, ही कल्पना जुनी आणि दिसायला सरळ आहे. रक्तद्रव निम्म्या-निम्म्याने पातळ करत जायचे, एकास दोन, एकास चार, एकास आठ, आणि कुठल्या पायरीपर्यंत प्रतिपिंड ओळखू येते ते पाहायचे. दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत चौपट वाढ, म्हणजे दोन पायऱ्या वर, दिसली तर ताजा संसर्ग मानायचा. ल्युकेमियाच्या मुलात या सरळ कल्पनेचा प्रत्येक सांधा निखळतो.

पहिली अडचण वेळेची. निरोगी शरीरालाही नव्या जंतूविरुद्ध मोजता येईल इतके प्रतिपिंड तयार करायला आठवडाभर लागतो. कँडिडा प्रयोगशाळेत चांगले खाद्य मिळाल्यास दर दीड तासाने दुप्पट होते, म्हणजे एका दिवसात सोळा वेळा, एका पेशीच्या ६५,५३६. शरीरात तिला इतकी मोकळीक नसते, पण शर्यत कुणाच्या बाजूची आहे ते कळते. दुसरी अडचण अशी की कँडिडा बहुतेकांच्या अंगात आधीपासून राहत असल्याने निरोगी माणसाच्या रक्तातही तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात. ती सापडली म्हणून आजार सिद्ध होत नाही.

तिसरी अडचण मला सर्वांत चकित करते. प्रतिपिंडे फार खालावलेल्या काही मुलांना शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देतात. ते निदान एक हजार दात्यांचे रक्तद्रव एकत्र करून बनवलेले असावे असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे, आणि प्रत्यक्षात दाते पुष्कळदा कितीतरी हजार असतात. ती बाटली चढल्यावर मुलाच्या नमुन्यात बुरशीविरुद्धचे प्रतिपिंड दिसले, तर ते हजारो अनोळखी प्रौढांनी आयुष्यभरात भोगलेल्या संसर्गांचे असू शकते. मुलाच्या स्वतःच्या शरीराने त्यातले काहीच बनवलेले नसेल. प्लेटलेटच्या पिशवीतूनही दात्याची प्रतिपिंडे येतात. म्हणून अशा मुलाचा प्रतिपिंडांचा अहवाल वाचताना रक्तघटक आणि इम्युनोग्लोब्युलिन कोणत्या तारखेला दिले हे शेजारी लिहिलेले असलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्या तारखांशिवाय होकारालाही अर्थ नाही. आणि नकाराला तर त्याहून नाही: प्रतिपिंड नाही याचा अर्थ बुरशी नाही असा घेतला, तर ज्या मुलाला संसर्ग होण्याची शक्यता सर्वांत जास्त त्याच मुलाला आपण निर्धास्त ठरवतो.

मग बुरशी थेट रक्तातच का शोधू नये? शोधतात, आणि तिथे आकडे उलट्या दिशेने थक्क करतात. रक्तात कँडिडा पसरलेली असतानाही एका मिलिलिटरमध्ये तिची जेमतेम एक पेशी असते, पुष्कळदा तेवढीही नसते. निरोगी रक्ताच्या त्याच मिलिलिटरमध्ये तांबड्या पेशी सुमारे ४५० कोटी. लहान मुलाचे रक्त फार काढताही येत नाही. समजा, पाच मिलिलिटरमागे एकच बुरशीपेशी आहे. एक मिलिलिटर रक्त काढले तर शंभरांतल्या ८२ वेळा नमुन्यात बुरशी येणारच नाही. पाच मिलिलिटर काढले तरी ३७ वेळा हात रिकामाच. ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीत, शरीरात खोल गेलेल्या कँडिडाच्या संसर्गांपैकी जवळजवळ निम्मे निसटतात. त्यात प्रयोगशाळेचा दोष नसतो, नमुन्याच्या आकारमानाचे हे साधे गणित आहे. ॲस्परजिलस तर रक्ताच्या कल्चरमध्ये क्वचितच उगवते.

म्हणून शोध वळला बुरशीच्या भिंतीतल्या शर्करांकडे. मुलाचे शरीर काही बनवू शकत नसेल, तर बुरशी स्वतः जे सांडते ते मोजावे. ॲस्परजिलससाठी गॅलॅक्टोमॅनन, कँडिडासाठी मॅनन, आणि अनेक बुरश्यांत असणारे बीटा-ग्लुकन. बीटा-ग्लुकनच्या एका प्रचलित चाचणीत मिलिलिटरला ८० पिकोग्रॅम ही धोक्याची रेषा धरतात. मुलांमध्ये ती कुठे आखावी यावर अजून एकमत नाही. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. आपल्या वीस किलोच्या मुलाच्या साऱ्या रक्तद्रवात मिळून हे ७२ नॅनोग्रॅम होते, मिठाच्या एका बारीक कणाच्या सुमारे आठशेव्या भागाइतके. एकाच वॉर्डात, एकाच मुलाच्या फाइलमध्ये, कर्करोग लाख कोटींत मोजला जातो आणि बुरशी ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागात.

प्रतिपिंडे मग निरुपयोगी ठरली का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. जन्मतः प्रतिपिंडे बनवू न शकणाऱ्या मुलांना जिवाणूंचे आजार वारंवार होतात, पण रक्तात वा फुप्फुसात पसरणारी बुरशी त्यांच्यात तुलनेने विरळ दिसते. उलट, ज्यांच्या न्यूट्रोफिलमध्ये जन्मजात दोष असतो त्या मुलांना ॲस्परजिलस फार छळते. यावरून दिसते की या बुरश्यांविरुद्ध मारण्याचे मुख्य काम न्यूट्रोफिलचे, प्रतिपिंडांचे काम साहाय्याचे. मात्र मॅनन आणि मॅननविरुद्धचे प्रतिपिंड दोन्ही एकत्र पाहिले तर एकट्या चाचणीपेक्षा जास्त रुग्ण सापडतात. काउंट परत वर आला की संसर्गातून वाचलेल्या काहींच्या रक्तात बुरशीविरुद्धची प्रतिपिंडे उशिराने उगवतातही. निदानाला तेव्हा उशीर झालेला असतो, पण मज्जा पुन्हा कामाला लागल्याची ती एक खूण असते.

याच पीजीआयच्या आवारात याच बुरशीची अगदी उलटी गोष्टही रोज दिसते. छातीच्या विकारांच्या विभागात डॉ. रितेश अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी ॲस्परजिलसच्या ॲलर्जीने होणाऱ्या फुप्फुसविकारावर जगभर मानले जाणारे काम केले आहे. तिथल्या दम्याच्या रुग्णांत प्रतिपिंडांचा पूर येतो आणि त्या पुरानेच फुप्फुस बिघडते. चंडीगडच्या डॉक्टरांनी मँचेस्टरच्या डॉ. डेव्हिड डेनिंग यांच्यासह २०१४ साली मांडलेल्या अंदाजानुसार भारतात असे रुग्ण १३ लाख ८० हजारांच्या घरात आहेत. बीजकण तोच. एका इमारतीत तो प्रतिपिंडांच्या अतिरेकाने ओळखला जातो, दुसऱ्या इमारतीत प्रतिपिंडे नसल्याने त्यांच्यावरून ओळखताच येत नाही.

देशाचा एकूण आकडा आणखी मोठा आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार सुमारे ५ कोटी ७० लाख भारतीयांना बुरशीचा कुठला ना कुठला गंभीर आजार आहे. म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार महाराष्ट्राला २०२१ मध्ये माहीत झाला, २८ जूनपर्यंत देशात ४०,८४५ रुग्णांची नोंद झाली होती. पीजीआयच्या वहीत मात्र तो आधीपासून चढत होता: १९९० ते ९९ या दहा वर्षांत १२९ रुग्ण, २००० ते २००४ या पाच वर्षांत १७८, आणि त्यानंतर २००६-०७ मधल्या केवळ अठरा महिन्यांत ७५. वर्षाला १३, मग ३६, मग ५०.

औषधे आहेत, पण त्यांचेही गणित अडते. पुण्याजवळच्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्या चमूने मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना या जीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक काढले होते, त्या जीवाच्या नावातच पिंपरी आहे. आज ल्युकेमियाच्या मुलाला बुरशीपासून आधीच संरक्षण द्यावे म्हटले तर व्होरिकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही सोयीची औषधे व्हिन्क्रिस्टीन या केमोथेरपीच्या औषधाशी भिडतात. यकृतात व्हिन्क्रिस्टीन मोडणाऱ्या विकराला ती अडवतात, मग व्हिन्क्रिस्टीन रक्तात साचून नसांना इजा करते. आणि व्हिन्क्रिस्टीन तर पहिल्या टप्प्याचा कणा. म्हणून डॉक्टरांना शिरेतून द्यायची दुसरी, महाग औषधे निवडावी लागतात. काउंट उतरलेल्या मुलाला ताप आला की तासाभरात प्रतिजैविक सुरू करायचे, आणि ताप ९६ तासांत उतरला नाही तर संसर्ग सिद्ध झाला नसला तरी बुरशीचे औषध द्यायचे, ही रीत निदानाच्या या साऱ्या अडचणींतून आली. प्रतिपिंडांची वाट पाहायला इथे कुणाला सवड नाही.

सर्वांत महत्त्वाचा आकडा मात्र प्रयोगशाळेबाहेरचा आहे. एप्रिल १९९६ ते फेब्रुवारी १९९८ या २३ महिन्यांत पीजीआयच्या बालविभागात पिचिया अनोमला नावाच्या एका विरळ यीस्टची साथ आली. ३७९ नवजात बाळे आणि मुले बाधित झाली, दाखल झालेल्यांपैकी ४.२ टक्के. पहिला संशयित रुग्ण तातडीच्या कक्षात आला होता, तिथून ती अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात आणि इतर वॉर्डांत गेली. संस्थेच्याच तज्ज्ञांनी शोध घेतला आणि बहुधा आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातांवरून ती पसरली असा निष्कर्ष २००१ साली सविस्तर छापला. अपुऱ्या दिवसांच्या आणि जास्त धोक्यातल्या बाळांना प्रतिबंधक बुरशीनाशके दिली आणि हात धुण्याची मोहीम घेतली, तेव्हा साथ आटोक्यात आली. आपल्याच वॉर्डातले असे आकडे जगासमोर ठेवायला धैर्य लागते, आणि ते ठेवले म्हणून इतर रुग्णालयांना शिकता आले.

उपचार संपल्यावर बी-पेशींचा वंश पुन्हा भरू लागतो. मज्जा नवे नमुने जुळवू लागते, पण केमोथेरपीत पुसली गेलेली जुनी प्रतिपिंडे सगळी आपोआप परत येत नाहीत. गोवर, कावीळ-ब यांविरुद्ध लहानपणी मिळालेले संरक्षण अनेक मुलांत घटलेले असते. म्हणून शेवटच्या केमोनंतर साधारण सहा महिन्यांनी डॉक्टर त्या मुलाच्या लसींचे कार्ड पुन्हा उघडतात आणि टोचणीच्या नव्या तारखा लिहून देतात.